भूगोलाच्या मास्तरांनी घडवलेले धावपटू

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा.

परवा आमच्याकडे शालेय स्पर्धा बघायला गेलो होतो. सातवीतली एक पोरगी आठशे मीटरला सगळ्यांना अर्धा राउंड मागे टाकून आली. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "रक्तातच असतं हो हे." त्यांच्या पलीकडून आवाज आला, "असून काय उपयोग? आपल्याकडे कोच कुठंयत?" ही दोन वाक्यं मी लहानपणापासून ऐकतोय. ती ऐकली की मला हटकून एक आयरिश माणूस आठवतो. त्यांचं नाव ब्रदर कॉल्म ओकॉनेल.

आयर्लंड हा देशच मुळी घर सोडून जाणाऱ्यांचा. दुष्काळात, गरिबीत लाखो लोक बोटीत बसून अमेरिकेला, इंग्लंडला गेले. कॉर्क परगण्यातले कॉल्म मात्र उलट्याच दिशेने निघाले. ते पॅट्रिशियन ब्रदर्स या कॅथलिक शिक्षक-संघाचे सदस्य. हा संघ 1808 साली आयर्लंडमध्येच स्थापन झाला, आणि शाळा चालवणं हेच त्याचं काम. 1976 मध्ये संघाने त्यांना केनियात पाठवलं, इटेन गावच्या सेंट पॅट्रिक्स हायस्कूलमध्ये. काम काय, तर भूगोल शिकवणं.

इटेन केरिओ दरीच्या कड्यावर आहे, सुमारे 2400 मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे अंदाज करा. हवा विरळ, रस्ते लाल मातीचे. तिशीही न गाठलेले हे मास्तर कधी शर्यतीत धावले नव्हते, कुणाला पळायला शिकवलं नव्हतं, आणि कोचिंगचा कागद तर त्यांच्याकडे नव्हताच. शाळेत पीटर फॉस्टर नावाचे एक इंग्रज शिक्षक धावण्याचा संघ बघायचे. त्यांचे भाऊ ब्रेंडन फॉस्टर यांनी त्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं होतं. पीटर यांनी या नव्या मास्तरांना मदतीला घेतलं आणि थोड्याच काळात ते स्वतः मायदेशी परतले. पोरं राहिली आणि मास्तर राहिले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कॉल्म यांनी केनियाला पळायला शिकवलं, असं काही नाही. किपचोगे केइनो यांचं सुवर्ण 1968 चं. याच शाळेतले माइक बॉइट 1972 ला आठशे मीटरचं कांस्य घेऊन आले होते. म्हणजे गुणवत्ता होतीच. पण 1976 आणि 1980 या दोन्ही ऑलिंपिकवर केनियाने बहिष्कार टाकला. धावपटूंची एक अख्खी पिढी ऐन उमेदीत घरी बसली. त्या काळात इटेनच्या मैदानावर पोरांना रोज सकाळी नेमाने उतरवणारं कुणीतरी होतं, हे महत्त्वाचं.

मास्तरांनी काय केलं? आधी बघितलं. कोणता मुलगा कसा पाय टाकतो, कुणाचे खांदे आखडतात, कोण दमल्यावरही हसतो. धावपटूंकडूनच मी शिकलो, असं ते आजही सांगतात. सरावात शरीराचा तोल, पावलांची लय, हातांची हालचाल यांवर भर. पोरांना पिळून काढायचं नाही, विश्रांती द्यायची. आणि पळण्याइतकंच बोलायचं. पोराच्या घरी काय चाललंय हे मास्तरांना माहीत हवं.

याची फळं यायला दहा-बारा वर्षं लागली. इब्राहिम हुसेन 1987 ला न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकले, पुढे बोस्टन तीनदा. 1988 ला सोलमध्ये पीटर रोनो हा एकवीस वर्षांचा पोरगा पंधराशे मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला. 1992 ला बार्सिलोनात मॅथ्यू बिरीर स्टीपलचेस जिंकले. विल्सन किपकेटर डेन्मार्कला गेले आणि 1997 मध्ये आठशे मीटरचा विश्वविक्रम मोडला. हे सगळे एकाच शाळेचे. शाळेच्या आवारात विजेत्यांच्या नावाने झाडं लावलेली आहेत.

मला यापेक्षाही मोठी वाटते ती मुलींची गोष्ट. सेंट पॅट्रिक्स मुलांची शाळा. मुलगी शाळेत पळायची, मग लग्न, पाणी, सरपण, संपलं. हे चित्र आपल्याला सांगायला नको. 1989 पासून कॉल्म यांनी सुट्टीतली शिबिरं सुरू केली आणि त्यात मुलींना घेतलं. 1991 ला लिडिया चेरोमेई तेराव्या वर्षी ज्युनियर गटात क्रॉस कंट्रीची जगज्जेती झाली. 1997 ला सॅली बारसोसिओने दहा हजार मीटरमध्ये जागतिक सुवर्ण मिळवलं. ट्रॅकवर जगज्जेती झालेली ती पहिली केनियन महिला.

आणि मग डेव्हिड रुडिशा. वडील डॅनियल यांना 1968 ला रिलेचं रौप्य मिळालेलं, म्हणजे 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांना आयतंच उदाहरण. पण पोरगा चारशे मीटर पळायचा. आठशेकडे वळ, हे त्याला मास्तरांनी सुचवलं. 2006 ला ज्युनियर जगज्जेता झाला. 2008 चं ऑलिंपिक दुखापतीने हुकलं. 2009 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीतच बाहेर. आपल्याकडे एवढ्यावर कोच बदलला असता, नाहीतर पोराला 'संपला' म्हटलं असतं. हे दोघं तिथेच, त्याच लाल मातीवर काम करत राहिले. 2010 मध्ये रुडिशाने किपकेटरचा विक्रम मोडला. म्हणजे मास्तरांच्या एका शिष्याचा विक्रम दुसऱ्या शिष्याने मोडला! 9 ऑगस्ट 2012 ला लंडनमध्ये त्याने पहिल्या पावलापासून पुढे राहत 1 मिनिट 40.91 सेकंद अशी वेळ दिली. त्या रात्री मास्तर स्टेडियमवर नव्हते. इटेनमध्ये टीव्हीसमोर होते.

पुढे केनियात पैसा आला, एजंट आले, उत्तेजकांची प्रकरणंही आली. देशाचं नाव खराब झालं. झटपट निकाल हवा असला की हे होतंच. म्हणूनच दहा-बारा वर्षं थांबणारा मास्तर मला जास्त मोलाचा वाटतो.

केनियन अजिंक्य असतात असंही नाही. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये दोन केनियनांना मागे टाकलं आणि तिसऱ्यापेक्षा फक्त पाच शतांश सेकंदांनी मागे राहून रौप्य आणलं. 1998 पासून त्या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. साबळे लहानपणी काही किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचा. सैन्यात गेल्यावर त्याच्या पळण्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. शाळेत असतानाच गेलं असतं तर?

म्हणून त्या शेजारच्या गृहस्थांना उत्तर द्यायचं राहिलं, ते इथे देतो. रक्तात असेलही. पण रक्त इटेनमध्ये 1976 च्या आधीही तेच होतं. वाढली ती एका माणसाची रोजची हजेरी. आणि कोच कुठंय, याचं उत्तर कदाचित तुमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये भूगोलाच्या वह्या तपासत बसलेलं असेल. त्या माणसाला मैदानावर तासभर मोकळा मिळेल का, एवढंच आपण शाळा समितीत, पालकसभेत विचारू शकतो. जनगणना, निवडणूक आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून त्याची सुटका झाली तर.

सातवीतल्या त्या पोरीचं बक्षीस म्हणजे एक प्रमाणपत्र. ते घेऊन ती एसटीने गावाला गेली. पुढच्या सोमवारी सकाळी तिला मैदानावर कोण बोलावणार आहे? तुमच्या गावात असा एखादा मास्तर असेल, तर त्याच्याबद्दल खाली नक्की लिहा.