व्हेस्टरडाइक, योहाना

(४ जानेवारी १८८३–१५ नोव्हेंबर १९६१). डच वनस्पतिरोगवैज्ञानिक आणि नेदरलँड्समधील पहिल्या स्त्री प्राध्यापक. मुळात त्यांचा ओढा पियानोकडे होता. हाताच्या दुखण्याने तो सुटला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात ह्यूगो द व्ह्रीस यांच्याकडे त्या वनस्पतिविज्ञान शिकल्या. पण शाळेत ग्रीक-लॅटिन न झाल्यामुळे तेथे पूर्ण पदवी मिळणे शक्य नव्हते. शेवटी १९०६ मध्ये झुरिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी, अवघ्या २३ व्या वर्षी, त्या ॲम्स्टरडॅमच्या व्हिली कोमेलिन शोल्टन प्रयोगशाळेच्या संचालक झाल्या.

१९०७ मध्ये बुरश्यांच्या जिवंत संवर्धांचा एक संग्रह त्यांच्याकडे आला. तेव्हा त्यात जेमतेम ८० वाण होते. त्यांच्या हाताखाली ते दहा हजारांच्या आसपास गेले. वाळवलेल्या नमुन्यावरून बुरशीचे रूप कळते, पण रोग तिनेच केला हे ठरवायचे तर ती जिवंत हवी : निरोगी झाडाला टोचायची, तोच रोग उमटतो का पाहायचे आणि त्या झाडातून पुन्हा तीच वेगळी काढायची. त्यामुळे या संग्रहाचे मोल त्यांच्या स्वतःच्या कोणत्याही शोधनिबंधाहून मोठे आहे.

१९१७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या, १९३० मध्ये ॲम्स्टरडॅममध्येही. प्रयोगशाळा १९२० च्या सुमारास बार्न गावी हलली. त्याच सुमारास एल्म वृक्ष (आपल्याकडील वावळाच्या कुळातले) झपाट्याने वाळू लागले. कोणी दुष्काळाला, कोणी महायुद्धातील विषारी वायूंना दोष देत होते. त्यांची विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स हिने १९२२ च्या प्रबंधात कारण बुरशी असल्याचे दाखवले. ते सहजी मान्य झाले नाही. क्रिस्टीन बाउसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीच्या प्रयोगांनी १९२७ मध्ये वाद मिटवला. पुढे रोगाला तोंड देणाऱ्या एका एल्मला बाउसमनचे नाव देण्यात आले. या संशोधनामुळेच रोगाला ‘डच एल्म रोग’ म्हणतात; तो मूळचा हॉलंडचा नव्हे.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली ५६ जणांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया होत्या. त्या काळात हे प्रमाण विलक्षणच म्हटले पाहिजे. काम झाले की मेजवानी, नाच आणि गाणे हाही बार्नच्या प्रयोगशाळेचा रिवाज होता. १९३२–३६ या काळात त्या विद्यापीठीय स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्ष होत्या. १९५२ मध्ये त्या निवृत्त झाल्या. उत्रेख्तमधील बुरशी-संग्रहाच्या संस्थेला २०१७ पासून त्यांचे नाव आहे.