चित्रातला विंचू आणि पाण्याची गोष्ट

मंडळी, आपल्या चारठाण्यात पाहुणा आला की आपण त्याला गोकुळेश्वराचं देऊळ दाखवतो, तो उंच कोरीव स्तंभ दाखवतो, बारव दाखवतो. यादवकाळातलं काम म्हणून छाती फुगवून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट बघा. देवळावर कोरलेल्या कथा कळायला अक्षरओळख लागत नव्हती. डोळे असले की झालं.

पुढं हेच काम चित्रकथींनी केलं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे लोक आजही चित्रांच्या पोथ्या जपून आहेत. एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारत गाऊन सांगायचं. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या पैठणच्या नावानंही या चित्रांची एक शैली ओळखली जाते.

हे आठवायचं कारण म्हणजे 'भीमायन'. दिल्लीच्या 'नवयान' या छोट्या प्रकाशनानं २०११ मध्ये काढलेलं चित्रांचं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. परधान म्हणजे गोंडांचे पिढीजात गाणारे, कथा सांगणारे. कॉमिक्स म्हणलं की आपल्याला चौकटी आठवतात. व्यामांनी चौकटीच आखल्या नाहीत. पात्रांना डब्यात कोंडायचं नाही, मोकळी हवा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं आगगाडी साप होते, तहानलेल्या पोराच्या अंगात मासा दिसतो. गोड बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात, आणि विषारी बोलण्याला विंचवाची नांगी असते.

पुस्तक घरी आणलं तेव्हा आज्जीनं पानं उलटली. तिला वाचता येत नाही, त्यात पुस्तक इंग्रजीतलं. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या माणसाच्या तोंडातून इंचू का निघालाय रं?" मी सांगायच्या आतच म्हणाली, "लेकराला पाणी देत नसंल." मग गप्प बसली. तिच्या माहेरच्या आडावर तिची आई घागर घेऊन लांब उभी राहायची. वर कुणी ओतलं तर पाणी.

हा प्रसंग १९०१ सालचा. साताऱ्याहून लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. रात्री जवळ भाकरी होती, पण पाणी मिळालं नाही. उपाशी झोपावं लागलं.

तो प्रसंग लांबचा वाटत असेल तर आपल्या मराठवाड्यातला घ्या. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. धुळीनं भरलेले हातपाय तिथल्या टाक्यावर धुतले, तर तळं बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी आत सोडलं, ते बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेत.

मला या चित्रांची ओढ वाटते ती यासाठी. जुन्या दगडात देव आले, राजे आले, नर्तकी आल्या. तहानलेलं लेकरू मात्र आलं नाही. व्यामांनी जुनीच रीत घेतली, चित्रातून सांगायची, आणि बाहेर उभ्या असलेल्याला मधोमध आणून बसवलं.

बारव कुणाच्या काळात बांधली हे आपण पाहुण्याला हौसेनं सांगतो. तिच्यातलं पाणी कुणाला मिळालं, कुणाला नाही, हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक बारवेवर उभं राहून विचारायला पाहिजे. त्यानं देवळाचं मोल कमी होत नाही.

गावातल्या पोरांना एक काम सांगतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याची गोष्ट विचारा आणि ती काढा. चित्रकला येत नसली तरी चालतंय. चौकट नको, पट्टी नको. विंचू कुठं काढायचा, ते आज्जी सांगेल.