हिंदूरावची टेकडी आणि दुष्काळाचे दफ्तर

दिल्लीच्या उत्तरेकडील ज्या खडकाळ टेकडीवर आज हिंदूराव रुग्णालय उभे आहे, तेथील कोठी मूळची विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची. १८३५ साली त्याचा खून झाल्यावर ती कागलकर घाटग्यांपैकी हिंदूरावांनी, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या बंधूंनी, विकत घेतली, आणि १८५७ च्या वेढ्यात इंग्रजी फौजेचा मोर्चा तेथेच बसल्यामुळे या मराठी सरदाराचे नाव ग्रंथांतरी कायमचे नोंदले गेले. जवळच फिरोजशहा तुघलकाची बावडी आणि त्याने मीरतेहून आणविलेला अशोकस्तंभ आहे. माझ्या मते पाहण्याजोगी वस्तू ती बावडीच.

कारण दिल्लीची जुनी विवंचना पाण्याची. फिरोजशहाने चौदाव्या शतकात यमुनेचे पाणी कालव्याने हिसारकडे नेले, शहाजहानच्या अमदानीत अली मर्दानखानाने ते दिल्लीत आणले, आणि अठराव्या शतकात देखभालीअभावी कालवा गाळाने भरला. पुढे लागोपाठ पावसाने दगा देऊन १७८३ साली जो दुष्काळ पडला, त्याला विक्रम संवत् १८४० वरून लोक ‘चालिसा’ म्हणू लागले. गावेच्या गावे ओस पडली, आणि पुढच्याच वर्षी महादजी शिंद्यांना मोगल बादशहाकडून वकील-इ-मुत्लकीची, म्हणजे सर्वाधिकारी मुखत्यारीची, वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांच्या हाती आलेला मुलूख असा उजाड होता. सनदेवर हुद्दा मिळाला, पण वसूल यायचा कोठून?

अवर्षणाला तोंड देण्याची काही तजवीज खुद्द धान्याच्या रोपातही असते. पेशीतील जनुकांच्या दफ्तरातून कोणता कागद केव्हा बाहेर काढावा, याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांना प्रतिलेखन-घटक म्हणतात. भातातील ‘डीएसटी’ हा असाच एक घटक. त्याचे कार्य चिनी संशोधकांनी २००९ साली उलगडले. त्याच्या आज्ञेने पेरॉक्सिडेज जातीची विकरे तयार होतात, ती पर्णरंध्रांच्या रक्षक पेशींतले हायड्रोजन पेरॉक्साइड निपटून काढतात, त्यामुळे रंध्रे उघडी राहतात आणि रोपातील ओलावा निघून जातो. हा हुकूमदारच निकामी केला, तर रंध्रे मिटू लागतात व रोप ताण अधिक सोसते. शत्रू घरातलाच निघावा, तसा हा प्रकार.

हे ज्ञान वाणात उतरवणारी संस्था दिल्लीतलीच. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाने पुसा गावची कृषी संशोधन संस्था उद्ध्वस्त झाली आणि १९३६ साली ती दिल्लीस, गावाच्या नावासकट, येऊन स्थिरावली. त्याच संस्थेने ‘एमटीयू १०१०’ या लोकप्रिय वाणातील डीएसटी जनुकाचे संपादन करून, परके जनुक न घालता, ‘पुसा डीएसटी राईस १’ सिद्ध केला. मे २०२५ मध्ये तो जाहीर झाला. क्षारपड जमिनीत तो मूळ वाणाहून अधिक पिकतो, असे चाचण्यांचे निष्कर्ष सांगतात. मात्र शेतकऱ्याच्या बांधावर, वर्षानुवर्षांच्या लहरी पावसात त्याचा कस लागायचा आहे. आणि तो उत्तम निघाला तरी भाताला पाणी लागणारच, म्हणून कालव्याचा गाळ काढण्याचे काम सरकारला टाळता येणार नाही.