चुलीने लावलेले वळण

‘जुन्या स्वयंपाकघराविषयी चार शब्द लिहा,’ असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह झाला, आणि मला प्रथम आठवली ती धुळ्याकडची माझ्या आजोळची चूल. पऱ्हाट्या ढणाढणा पेटत, घर धुराने कोंदून जाई आणि आजीचे डोळे बारा महिने गळत. आम्हां मुलींना वाटे, तिचे डोळेच तसे!

धूर हा बाईच्या नशिबाचा भाग नव्हे, हे ओळखणारी माणसे मात्र केव्हाच कामाला लागली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत निर्धूर ‘मगन चूल’ तयार झाली. हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिकाच काढली. या चुलींत एकाच जाळावर दोन-तीन भांडी तापत व धूर धुराड्यातून बाहेर पडे. चूल जणू गृहिणीला वळण लावी: लाकूड बारीक नि वाळलेले घाला, जाळ बेताचा ठेवा, मागचा वैल रिकामा ठेवू नका, धुराडे वेळच्या वेळी झाडा. १९८३ पासून तर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला.

आजोळीही अशी चूल बसली. पुढच्या सुटीत जाऊन पाहते तो काय, मामीने तिचे तोंड फोडून रुंद केलेले! कोणी म्हणेल, बायकांना शिस्तच नको. पण कळण्याची भाकरी तव्यावरून उतरवून निखाऱ्यांपुढे शेकायची असते, भरताचे वांगे जाळातच भाजायचे असते. अरुंद तोंडात हे व्हावे कसे? आणि धुराडे झाडायला छपरावर चढायचे कोणी? मामीला हे आधी कोणी विचारलेच नव्हते.

पुढे धुळ्याच्याच ‘प्रिन्स’ संस्थेने सूर्यचूल बनवली. आपल्या खानदेशात उन्हाला काय तोटा! ही चूल दिवसाउजेडी स्वयंपाक उरकण्याची सवय लावते. पण रात्रीच्या भाकरीला दुसरा विस्तव लागतोच. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस खेड्यांत पोचला; तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च झेपत नाही तिथे चूल धगधगतेच आहे.

आजीला अखेरच्या वर्षांत फारसे दिसत नसे. आम्हांला ती आवाजावरून ओळखी. म्हणून जळगावच्या माझ्या भगिनींना एवढेच सांगणे: बाईला वळण लावणारे यंत्र घरी येईल, तेव्हा ते करणाऱ्याने तिच्या चुलीपुढे घटकाभर बसून पाहिले आहे का, हे आधी विचारा.