नाक आणि खालची जागा

जबलपुरात बसून एका वैद्यकीय माहितीपत्रकाचे मराठी करताना मी ‘व्हल्वा’ या शब्दापाशी अडले. कोशातला ‘भग’ कुणाच्या बोलण्यात नाही, ‘योनी’ म्हणजे आतला मार्ग. बायका म्हणतात ‘खालची जागा’. पत्रक होते त्या जागेच्या एका दुर्मिळ त्वचा-कर्करोगाविषयी, पॅजेटच्या रोगाविषयी.

लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली स्तनाग्रावरचा असा रोग वर्णिला. योनीबाहेरच्या त्वचेवरचा रोग द्युब्रय यांनी १९०१ साली नोंदवला. लाल चट्टा, खाज, दिसायला इसबासारखा. म्हणून वर्षानुवर्षे मलमे लावली जातात. शस्त्रक्रियेतही तो फसवतो: डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे त्याच्या पेशी पसरलेल्या असतात. कातडी रुंद कापावी लागते, तरी तो पुन्हा उद्भवू शकतो. उरलेली जखम मोठी असली की ती झाकायची कशाने?

याचे उत्तर आपल्याकडे जुने आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने नवे नाक बसवले. कपाळाची कातडी सोडवून खाली वळवली, पण दोन भुवयांमधली पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त वाहत राहील. ‘जंटलमन्स मॅगझीन’ने १७९४ साली ही हकीकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक काढले. १९८९ साली सिंगापूरच्या वी आणि जोसेफ यांनी योनिमार्गाच्या पुनर्रचनेसाठी जांघेच्या घडीतली कातडी वळवली, तेव्हा रक्तवाहिन्यांबरोबर मज्जातंतूही राखले. त्यामुळे तिथे स्पर्श कळतो. व्हल्वासाठीही ही कातडी वापरतात. तत्त्व तेच: मुळाशी जोडलेली कातडी जगते.

फरक अब्रूचा. मराठीत नाक म्हणजेच अब्रू; ते चारचौघांत दिसते, म्हणून कावसजीची गोष्ट आणि चित्रही छापले गेले. खालची जागाही अब्रूच, पण तिथली अब्रू गप्प राहून राखायची असते. कातडी कशी वळवायची हे दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे; खाज मात्र घरातल्या घरातही सांगितली जात नाही, आणि तेवढ्यात चट्टा पसरतो.

पत्रकात मी अखेर ‘योनीच्या बाहेरची त्वचा’ असे लिहिले. खाली एक ओळ ठेवली: मलमाने न जाणारा चट्टा असेल तर कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगा. शब्द डौलदार नाहीत. पण कुणाला डॉक्टरांपुढे मोठ्याने वाचता येतील.