जुळ्या भावंडांचे दान आणि दोन संसार

इ. स. १९५४ च्या डिसेंबरची २३ तारीख. नाताळ दोन दिवसांवर आला असता अमेरिकेतील बॉस्टन शहरी, पीटर बेंट ब्रिगहॅम इस्पितळात, दोन जुळे भाऊ एकाच वेळी शस्त्रक्रियेसाठी निजविले गेले. त्यांपैकी रिचर्ड हेरिक मरणाच्या दारी पोचला होता. वय अवघे तेवीस आणि दोन्ही मूत्रपिंडे निकामी. दुसरा, रोनाल्ड, ठणठणीत होता. त्याच्या देहातील एक मूत्रपिंड काढून ते भावाच्या देहात बसवावयाचे होते. त्या दिवसाची नोंद वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. त्यानंतर त्या घरात काय घडले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

एकाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर लावली असता काही दिवसांत शरीर ती परकी म्हणून टाकून देते, हा अनुभव डॉ. जोसेफ मरी यांनी दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करताना घेतला होता. या नियमाला अपवाद एकच, एकाच बीजापासून जन्मलेली जुळी भावंडे. हेरिक बंधू तशीच जुळी आहेत की नाहीत, हे ठरविण्यासाठी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याच्या अंगावर लावून पाहिला, तो रुजला. बोटांचे ठसे ताडण्यासाठी दोघांना पोलीस ठाण्यावर नेले, आणि बातमी वार्ताहरांच्या कानी गेली ती तेथूनच!

खरी अडचण शस्त्राची नव्हती, सदसद्विवेकाची होती. रोग्याच्या हितासाठी त्याचा देह कापणे हे वैद्याचे काम. परंतु ज्याला कसलाही रोग नाही, ज्याला या शस्त्रक्रियेपासून शारीरिक लाभ तिळमात्र नाही, त्याच्या पोटाला सुरी लावावी काय? मरी हे स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या पंथांच्या धर्मगुरूंचा आणि कायदेपंडितांचा सल्ला घेतला. आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली, की तू येथून घरी निघून जा. आपण जाणार नाही, एवढेच उत्तर रोनाल्डने धाडले.

डॉ. हार्टवेल हॅरिसन यांनी मूत्रपिंड काढले आणि मरी यांनी ते रिचर्डच्या ओटीपोटात बसविले. साडेपाच तास काम चालले. रक्तप्रवाह सुरू होताच ते मूत्रपिंड गुलाबी झाले व आपले कार्य करू लागले.

रिचर्ड बरा झाला. शस्त्रक्रियेनंतर त्याची शुश्रूषा करणाऱ्यांत क्लेअर नावाची परिचारिका होती. पुढे तिच्याशीच त्याचा विवाह झाला. ज्याच्या मरणाची कल्पना सर्वांना होती अशा माणसाशी लग्नगाठ बांधणारी ही स्त्री त्याच्या प्रकृतीविषयी अजाण नव्हती. सारे पाहून, समजून तिने ते केले, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. त्यांना दोन मुली झाल्या. पुढे मूळचाच विकार नव्या मूत्रपिंडात पुन्हा उद्भवला आणि १९६३ साली रिचर्डचे निधन झाले. आठ वर्षे तशी थोडीच. परंतु त्या आठ वर्षांवाचून त्या मुली जन्मालाच आल्या नसत्या.

स्त्रीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता. १९५६ च्या मे महिन्यात ओक्लाहोमा राज्यातील एडिथ हेल्म या एकवीस वर्षांच्या विवाहितेला तिची जुळी बहीण वांडा फॉस्टर हिने आपले मूत्रपिंड दिले. रोपण केलेले मूत्रपिंड ओटीपोटात, गर्भाशयाच्या अगदी शेजारी असते. गर्भ वाढू लागल्यावर त्याच्यावर दाब येईल काय, एकटे मूत्रपिंड आई व बाळ या दोहोंचा भार वाहील काय, याचे उत्तर देईल असा एकही पूर्वानुभव जगात नव्हता. मार्च १९५८ मध्ये सिझेरियन शस्त्रक्रियेने एडिथला मुलगा झाला. पुढे कन्याही झाली. बहिणीच्या त्या मूत्रपिंडावर एडिथ २०११ पर्यंत, म्हणजे सुमारे पंचावन्न वर्षे जगली.

जुळे भावंड कितीजणांच्या नशिबी असणार? शरीराचा विरोध शमविणारी औषधे निघाली, १९६२ च्या सुमारास अझाथायोप्रिन व १९८० नंतरच्या दशकात सायक्लोस्पोरिन, तेव्हा हे दार इतरांनाही उघडले. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. पुढे दानाच्या नावाखाली खरेदी-विक्री फोफावली, तेव्हा १९९४ चा कायदा करावा लागला. तो संसदेने करावा असे ठराव करणाऱ्या विधानसभांत गोवा व महाराष्ट्र या दोन्ही होत्या. रोपण झालेल्या स्त्रीने मातृत्वाचा विचार वर्षभर तरी लांबणीवर टाकावा आणि गर्भाला घातक अशी औषधे वैद्याकडून आधी बदलून घ्यावीत, असा सल्ला आज दिला जातो. त्यामागे एडिथपासून पुढच्या अनेक मातांचा अनुभव उभा आहे.

मरी यांना १९९० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रोनाल्डने मात्र शाळेत गणित शिकविले, शेती केली, आणि एका मूत्रपिंडावर छप्पन्न वर्षे काढून डिसेंबर २०१० मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी देह ठेवला. त्या शस्त्रक्रियेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००४ साली, रोपण झालेल्या लोकांच्या क्रीडास्पर्धा अमेरिकेत भरल्या होत्या. त्यांची ज्योत पेटविण्यासाठी वृद्ध शल्यविशारद मरी आणि हा निवृत्त गणितशिक्षक एकत्र आले होते.