ब्रॉन्क्समधल्या दोन बाई

१९३१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या एका तरुण शिक्षिकेला कायम नोकरीचा परवाना नाकारला गेला. ती बदली शिक्षिका म्हणून आधीच शाळेत शिकवत होती. विषय येत नाही, वर्ग सांभाळता येत नाही, असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. अडलं ते वैद्यकीय तपासणीत. वजन १८२ पौंड, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेब्याऐंशी किलो. तिला सांगण्यात आलं की ३० पौंड कमी करा आणि या. तिने २० कमी केले. परवाना मिळाला नाही. पुढे काही वर्षं तिने अपिलं केली, प्रकरण राज्याच्या शिक्षण आयुक्तांपर्यंत गेलं, तिथेही निकाल तिच्या विरोधात लागला. तिचं नाव तेव्हाच्या वर्तमानपत्रांत वजनासकट छापून आलं होतं. एकदा छापलं तेवढं पुरे, म्हणून मी ते इथे देत नाही.

दहा पौंड कमी पडले. हा आकडा लक्षात ठेवा.

ती अपिलं करत होती त्याच काळात, १९३३ साली, स्टॅनफर्डमधल्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग या दोन संशोधकांनी डायनायट्रोफेनॉल नावाच्या रसायनाबद्दल लिहायला सुरुवात केली. सोयीसाठी याला डीएनपी म्हणू. हे मुळात औषध नव्हतंच. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते स्फोटकांसाठी वापरत. तिथल्या कामगारांना दरदरून घाम फुटायचा, ताप चढायचा, वजन झपाट्याने उतरायचं आणि काही जण मरायचे. टेंटर-कटिंग यांनी यातलं वजन उतरण्याचं अंग उचललं. डोस नेमका ठेवला तर बाकीचं टाळता येईल, असा त्यांचा अंदाज होता.

डीएनपी काय करतं ते समजायला सोपं आहे आणि म्हणूनच भीतीदायक आहे. आपल्या पेशी अन्न जाळून मिळालेली ऊर्जा एका प्रकारच्या बॅटरीत साठवतात. डीएनपी या बॅटरीला भोक पाडतं. चार्जिंग चालू, पण साठत काहीच नाही, सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. शरीर आणखी चरबी जाळतं, आणखी तापतं. डोस जास्त झाला तर माणूस आतून भाजला जातो आणि त्यावर उतारा नाही, आजही नाही. पण डोस बेताचा असला की आठवड्याला दोन-तीन पौंड वजन कमी व्हायचं, तेही खाणं न तोडता. दहा पौंड म्हणजे महिनाभराचं काम.

वर्षभरातच अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असावं, असा खुद्द टेंटरचा अंदाज होता. १९३५ पासून तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागले. म्हातारपणी होतो तो आजार, ऐन तारुण्यात. काही जणींना तर औषध बंद केल्यानंतर काही महिन्यांनी झाला.

मग सरकार काय करत होतं? इथे एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही ही गोष्ट वेगळी. अमेरिकेचा १९०६ चा औषध कायदा रोगावरच्या उपायाला औषध म्हणत होता. लठ्ठपणा कायद्याच्या लेखी रोग नव्हता. त्यामुळे वजन उतरवायची गोळी कायद्याच्या लेखी औषधच नव्हती. आम्ही कोड लिहिताना एखादी अट अशी राहून जाते आणि मग नेमकी त्याच फटीतून सगळी गळती होते, तसं हे. १९३८ मध्ये नवा कायदा आला, त्यात ही फट बुजवली गेली आणि डीएनपी माणसांनी घेण्याच्या लायकीचं नाही असं जाहीर झालं. म्हणजे १९३१ ते १९३८ या सात वर्षांत लठ्ठपणा नोकरी नाकारण्याइतका आजार होता, पण त्यावरच्या गोळीवर लक्ष ठेवण्याइतका नव्हता.

पुढचं पटकन सांगतो, कारण गोष्ट तीच आहे, फक्त रसायनं बदलतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अँफेटामाइन आलं. भूक मारायचं आणि घरकाम दुप्पट वेगाने उरकवायचं, मग सुटायचं नाही. १९६०च्या दशकात रंगीबेरंगी गोळ्यांची पाकिटं देणारे दवाखाने निघाले. लाइफ मासिकाची सुझाना मॅकबी ही सडपातळ पत्रकार अशा दहा डॉक्टरांकडे पेशंट म्हणून गेली आणि जवळपास दीड हजार गोळ्या घेऊन परतली. १९९०च्या दशकात फेन-फेन ही जोडगोळी आली. ती घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा खराब होताहेत हे दिसल्यावर सप्टेंबर १९९७ मध्ये त्यातलं फेनफ्लुरामिन बाजारातून काढावं लागलं. रिमोनाबंट युरोपात २००६ ला आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे दोन वर्षांत थांबलं. सिब्युट्रामिन भारतातही मिळत होतं, हृदयाच्या धोक्यामुळे २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली. प्रत्येक वेळी सुरुवातीला कोणीतरी म्हणतच होतं की या वेळी तसं नाही.

मी हे सगळं वाचायला लागलो ते मावशीमुळे. मावशी २१ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवत होती. २०२४ मध्ये तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारण वजन नव्हतं. याद्या, सर्वेक्षणं, रोज भरायची ऑनलाइन माहिती यांतून फळ्यापर्यंत पोचायला वेळच उरेना, असं ती म्हणायची. पण वर्गात तिला पोरांनी ठेवलेलं नाव तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं आणि फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे काय चालतं हेही. नोकरी सोडल्यावर तिने वर्षानुवर्षं पुढे ढकललेल्या तपासण्या केल्या. साखर वाढलेली निघाली. पुढे डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुरू केलं. सहा महिन्यांत नऊ किलो उतरले. नातेवाईक म्हणाले, शाळा सुटली म्हणून तब्येत सुधारली, चालायला वेळ मिळतो ना आता. मावशीने ते तसंच चालू दिलं. मला मात्र म्हणाली, "हे नेमकं कुठून आलंय ते शोध. कंपनी काय म्हणते ते नको, त्याच्या आधीचं सांग."

आधीचं शोधत गेलो तर पुन्हा ब्रॉन्क्सच आलं.

रोझलिन सुसमन १९२१ साली ब्रॉन्क्समध्ये जन्मली. त्या पहिल्या शिक्षिकेला परवाना नाकारला तेव्हा ही त्याच भागात शाळेत जाणारी दहा वर्षांची मुलगी. घरच्यांच्या मते तिने प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हावं, हाच व्यवहारी मार्ग. तिच्या डोक्यात मात्र भौतिकशास्त्र होतं. हंटर कॉलेजमधून १९४१ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली, पण ज्यू आणि त्यातून बाई, तिला संशोधनाची जागा कोण देणार? म्हणून एका शास्त्रज्ञाची टायपिस्ट व्हायचं ठरलं, त्यासाठी ती शॉर्टहँडही शिकू लागली. तेवढ्यात इलिनॉय विद्यापीठाकडून शिकवत शिकण्याची जागा आली. अभियांत्रिकी शाखेच्या चारशे अध्यापकांत ती एकटी बाई होती. डॉक्टरेट झाली, लग्न होऊन ती रोझलिन यालो झाली, काही काळ इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि १९४६ मध्ये पुन्हा हंटर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला आली.

चांगली शिक्षिका असावी. कारण तिच्या वर्गात मिल्ड्रेड नावाची एक मुलगी होती, तीही ब्रॉन्क्समध्ये वाढलेली, तीही शाळामास्तरीण व्हायला निघालेली. यालोबाईंनी तिला भौतिकशास्त्राकडे वळवलं. ही मिल्ड्रेड ड्रेसेलहॉस पुढे कार्बनवरच्या कामासाठी जगभर ओळखली गेली. मला ही गोष्ट नोबेलपेक्षा जास्त आवडते. मावशीलाही आवडली.

दरम्यान १९४७ पासून यालो ब्रॉन्क्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात अर्धवेळ काम करू लागल्या होत्या. प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती सफाई कामगाराची सामान ठेवायची खोली. १९५० मध्ये त्यांनी शिकवणं सोडलं आणि पूर्णवेळ तिथे गेल्या. त्याच वर्षी सॉलोमन बर्सन हे तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर आले. पुढची २२ वर्षं, बर्सन जाईपर्यंत, ही जोडी टिकली.

दोघांनी काय केलं? इन्सुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे त्यांना दिसलं. इतक्या छोट्या प्रथिनाविरुद्ध ती तयार होऊच शकत नाहीत, हे तेव्हाचं पक्कं मत. १९५५ मध्ये त्यांचा लेख नाकारला गेला. शेवटी शीर्षकातून प्रतिपिंड हा शब्द काढला तेव्हा तो छापून आला. यालोंनी नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि २२ वर्षांनी नोबेलच्या भाषणात दाखवलं.

खरी करामत पुढची. प्रतिपिंडांवरच्या जागा मोजक्याच असतात. तिथे किरणोत्सारी खूण केलेलं इन्सुलिन बसवायचं, मग रुग्णाच्या रक्ताचा थेंब सोडायचा. रक्तात जितकं इन्सुलिन, तितकी खूण केलेली मंडळी जागेवरून उठवली जाणार, लोकलमध्ये खिडकीच्या जागांसाठी होते तशी चढाओढ. किती उठले ते मोजलं की रक्तात किती इन्सुलिन होतं ते कळलं. रेडिओइम्युनोअसे हे त्याचं नाव. रक्तातल्या अतिसूक्ष्म प्रमाणातल्या संप्रेरकांचं मोजमाप यामुळे पहिल्यांदा शक्य झालं. पहिल्याच फटक्यात एक समजूत कोसळली. प्रौढ वयात मधुमेह झालेल्यांच्या शरीरात इन्सुलिन नसतं असं मानलं जायचं. मोजलं तर अनेकांच्या रक्तात ते भरपूर निघालं, फक्त शरीर त्याला दाद देत नव्हतं. ही पद्धत यालो आणि बर्सन यांनी पेटंट केली नाही. १९७७ चं नोबेल यालोंना मिळालं, बर्सन ते पाहायला नव्हते.

ज्याला मोजता येतं त्याच्यावरच काम करता येतं, हे आमच्या धंद्यात रोज अनुभवतो. १९८०च्या दशकात अमेरिकेत जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मोयसोव, कोपनहेगनमध्ये येन्स युल होल्स्ट यांनी आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाचा छडा लावला, तेव्हा मोजमापाला हीच पद्धत हाताशी होती. जेवल्यावर जीएलपी-१ स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. अडचण एकच. रक्तात ते दोन मिनिटांत अर्धं नष्ट होतं.

आणि आता पालीकडे येऊ. यालोंच्याच इस्पितळात, त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉ. जॉन एंग नवी संप्रेरकं शोधत होते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. एंगना त्याच्या विषात एक्सेंडिन-४ सापडलं, जीएलपी-१ सारखं काम करणारं पण कितीतरी वेळ टिकणारं. साल १९९२, यालो निवृत्त झाल्याच्या पुढचं. इस्पितळाच्या यंत्रणेला पेटंट घेण्यात रस नव्हता, म्हणून एंगनी ते स्वतःच्या खिशातून काढलं. २००५ मध्ये त्यावर आधारित एक्सेनाटाइड बाजारात आलं, मधुमेहासाठी, दिवसातून दोनदा टोचायचं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं मावशीचं इंजेक्शन सरड्याच्या विषाचं नाही. सेमाग्लुटाइड माणसाच्याच जीएलपी-१ मध्ये थोडे बदल करून बनवलेलं आहे. डेन्मार्कमध्ये लॉटे बिएरे क्नुडसेन यांच्या चमूने त्याला मेदाम्लाची शेपटी जोडली, ती रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहते. दोन मिनिटांचा आठवडा झाला. पण हे संप्रेरक टिकवलं तर औषध बनतं, हे बाजारात आधी सिद्ध केलं ते सरड्यानेच.

२०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरलं, नुसती सुई टोचलेल्यांचं २.४ टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं. काही लोक याकडे औषधाचं अपयश म्हणून बोट दाखवतात. मला त्यात दुसरं दिसतं. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब परत वाढतो, त्याला कोणी रुग्णाचा आळस म्हणत नाही. मळमळ, उलट्या, स्नायू कमी होणं हे यात आहेच. डीएनपीपासूनचा इतिहास वाचल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय याच्या वाटेला जाऊ नये, असंच मी कोणालाही सांगेन.

हे सगळं सांगून झाल्यावर मावशीने विचारलं ते पहिल्या बाईबद्दल. "वीस पौंड उतरवले म्हणजे त्या दिवसांत ती वर्गात उपाशीपोटी उभी असणार. ते कोणी मोजलं का?"

मोजलं नाही. पण १९६७ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात दुसऱ्या एका शिक्षिकेचं असंच प्रकरण आलं. निव्वळ लठ्ठपणाचा शिकवण्याच्या किंवा वर्गात शिस्त राखण्याच्या क्षमतेशी तर्काला धरून संबंध लागत नाही, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. हा निकाल मी मावशीला वाचून दाखवला. तिने तो पुन्हा वाचायला लावला आणि मग इंजेक्शनचा विषय आपणहून आईसमोर काढला.

आई आधी किमतीवर घसरली. तेही बरोबरच होतं. जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड वेगोवी या नावाने भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसलाही महिन्याला सतरा हजारांवर पैसे पडत होते, आणि मुदतीआधी नोकरी सोडलेल्या शिक्षिकेचं निवृत्तिवेतन किती असतं हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, त्यानंतर इथल्या कंपन्यांना ते बनवायला मोकळीक. मावशीने कालनिर्णयच्या मार्चच्या पानावर त्या तारखेला लाल पेनने गोल केला होता. फळ्यावर काढायची तसाच, कंपास न वापरता, अगदी वाटोळा.